वकीलसाहेबांच्या गाडीचं स्टिअरिंग

निवृत्तीनंतर लोक हटकून विचारतात, नोकरीतली कुठली केस अजून लख्ख आठवते? त्यांना खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मी त्यांना एका मोटारीच्या स्टिअरिंगची गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, पण मी थांबत नाही. नाव कुणाचंच घेणार नाही, त्यातली माणसं भली होती आणि त्यांची नातवंडं आज नाशकातच आहेत.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नवरात्र चालू होतं, कालिका मातेच्या यात्रेच्या बंदोबस्तानं पायाचे तुकडे पडले होते. अष्टमीला दुपारी जरा खुर्चीला पाठ टेकली, तोच गंगापूर रोडला राहणारे एक नामांकित वकीलसाहेब तरातरा आत आले. नेहमी तोलूनमापून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चिडून लालबुंद झाला होता. त्यांच्या मोटारीचं स्टिअरिंग चोरीला गेलं होतं.

मी म्हटलं, नवीन बसवून घ्या की. झालं! त्यांनी मला पाऊण तास ऐकवलं. ती काही साधी मोटार नव्हती. त्यांच्या वडिलांनी इंग्रजांच्या काळात घेतलेली, दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार होती. वडील गेल्यावर शेडमध्ये गंजत पडली होती. वकीलसाहेब चार वर्षं कोर्टातून आले की बाह्या सारून तिच्यामागे लागायचे. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. राहिलं होतं फक्त स्टिअरिंग. अॅल्युमिनियमचं कडं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी रिव्हेट मारून बसवलेलं लाकूड. वरच्या बाजूला वडिलांच्या अंगठ्यांनी झिजून दोन खळगे पडले होते. दसऱ्याला ते चाक बसवून गाडीची पूजा करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

हे काम त्यांनी एका सुताराला दिलं होतं. सातपूरच्या एका फाउंड्रीत हा लाकडी साचे करायचा, आणि तिथून सुटला की रोज संध्याकाळी वकीलसाहेबांच्या शेडमध्ये येऊन चाकाचं काम करायचा. वकीलसाहेबांची अट एकच होती, जुनं लाकूड एक कणभरही बदलायचं नाही. मध्यंतरी मुंबईचे कुणी शौकीन गृहस्थ येऊन हे चाक मागून गेले होते, ते या सुतारासमोरच. मग वकीलसाहेब हायकोर्टाच्या कामाला आठवडाभर मुंबईला गेले. परत येऊन बघतात तर टेबल रिकामं, सुतार चार दिवस फिरकलेला नाही, त्याच्या खोलीला कुलूप. माळी म्हणाला, गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन जाताना पाहिला. तक्रार वाचणाऱ्या कुणालाही वाटावं की विकलं यानं मुंबईवाल्याला.

मी अर्ज घेतला. तेवढ्यात आमचे ठाणे अंमलदार, म्हणजे एक जुने जाणते हवालदार, माझ्या कानाशी आले आणि एक फाइल समोर ठेवून गेले. चारित्र्य पडताळणीची फाइल. नाव तेच, पत्ता तोच. त्या सुताराची एका सरकारी कारखान्यात कायम नोकरीवर निवड झाली होती आणि त्याचं चारित्र्य कसं आहे हे आमच्या ठाण्यानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. वय चौतीस. वयाची मर्यादा संपायला दोन महिने उरले होते, म्हणजे ही संधी गेली की पुन्हा नाही. माझ्या डाव्या हाताला चोरीचा अर्ज आणि उजव्या हाताला त्याची नोकरी. गुन्हा दाखल केला की उजवीकडचा कागद संपला.

मी वकीलसाहेबांना सांगितलं, अर्ज चौकशीवर ठेवतो, स्टेशन डायरीला नोंद घेतो, गुन्हा दाखल करायला मला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. कायद्याचा माणूस तो, त्यानं मला कलमं ऐकवली. मीही ऐकून घेतली. शेवटी कपाळाला आठ्या घालून ते निघून गेले.

सीबीएसच्या एसटी स्टँडवर चहाची टपरी चालवणारा एक जण माझा खबऱ्या होता. स्टँडवर कोण उतरलं, कोण चढलं, सगळं त्याला पाठ. त्याच संध्याकाळी त्यानं खबर दिली. चार दिवसांपूर्वी एक माणूस सटाण्याच्या एसटीत चढला, जवळ गोणपाटात काहीतरी गोल होतं. कंडक्टर म्हणाला टपावर टाक, तर हा टाकू देईना. दोघांची जुंपली. शेवटी मांडीवर घेऊन बसला आणि तसाच गेला.

मी ती खबर दोन-तीनदा वदवून घेतली. एक तर मुंबईचं गिऱ्हाईक असताना माणूस सटाण्याकडे कशाला जाईल? आणि दुसरं, चोरीचा माल मांडीवर घेऊन बसलेला चोर मी तरी पाहिला नव्हता. चोर माल टपावर टाकतो आणि स्वतः लांबच्या सीटवर बसतो, पकडलं तर माझं नाही म्हणायला मोकळा. मांडीवर माणूस पोर घेतो, नाहीतर देव.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे सकाळी शस्त्रपूजा असते. रायफली पुसून, तेल देऊन, ओळीनं मांडल्या होत्या, झेंडूची माळ घातली होती. इतक्यात खबर आली की सुतार फाउंड्रीत मशीनच्या पूजेला हजर झालाय. मी एका शिपायाला म्हटलं, आण त्याला, बेड्या घेऊन जा. तो जागचा हलेना. म्हणाला, "साहेब, हवालदारांनी बेड्यापण पूजेत मांडल्यात. उचलू का?"

बघतो तर खरंच! रायफलींच्या पायाशी दोन बेड्या, माझा रूळ, इतकंच काय, मुद्देमालाच्या कपाटाची किल्लीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. हवालदार माझ्याकडे असे बघत होते की मी देव्हाऱ्यातला बाळकृष्णच उचलायला निघालोय. मी म्हटलं राहू दे, तसाच घेऊन ये.

आणि त्यानं कसं घेऊन यावं? सायकलवर डबलसीट! त्यातही सायकल संशयित चालवतोय आणि आमचा वाघ मागं कॅरिअरवर बसलाय. पाय दुखतात म्हणाला बंदोबस्तानं. मी डोक्याला हात लावला. पण त्यामुळे एक झालं, रस्त्यातल्या लोकांना वाटलं नोकरीच्या पडताळणीसाठी चाललाय. फाउंड्रीतल्या एकानं तर त्याला पेढा दिला होता, तो त्याच्या खिशात तसाच होता.

सुतार शिडशिडीत, नाकासमोर चालणारा दिसत होता. त्याला मी समोरच्या खुर्चीवर बसवलं. आता ही खुर्ची आमच्या ठाण्यात प्रसिद्ध होती. तिचा एक पाय सैल होता, बसणारा डुगडुगायचा. कुणी दुरुस्त करत नसे, कारण डुगडुगणारा माणूस लवकर बोलतो असं आमच्या साहेबांचं मत होतं.

हा मात्र बोलेना. चाक कुठंय? "उद्या संध्याकाळी मिळेल." कुणाला विकलंस? "विकलं नाही." मग आहे कुठं? गप्प. तोंडाला कुलूप. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पडताळणीची फाइल उघडून दाखवली. सांगितलं, आज खरं बोलला नाहीस तर यावर काय लिहावं लागेल ते तुला कळतंय. त्याचे डोळे भरून आले, पण "उद्या संध्याकाळी" एवढंच पुन्हा म्हणाला. अर्धा तास गेला. माझंही डोकं तापलं होतं, म्हणून मी चहा सांगायला बाहेर गेलो.

परत आलो तर संशयित खुर्चीवर नाही! मी दाराबाहेर डोकावून आलो. मग दिसलं, पठ्ठ्या खाली उकिडवा बसलाय आणि खुर्ची उलटी केलीय. आमच्या काडेपेटीची काडी चपटी करून, तिची पाचर सैल पायाच्या खोबणीत अंगठ्यानं दाबून बसवत होता. मला पाहून दचकून उठला. मी खुर्चीत बसून पाहिलं. जराही हलेना. पाच फौजदार आले-गेले, त्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याला पोलीस ठाण्यातली मोडकी खुर्चीसुद्धा बघवत नाही, तो चाक विकेल कसा? मी इतका वेळ त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "चाक मोडलं का रे तुझ्या हातून?"

त्यानं मान खाली घातली आणि ढसाढसा रडला.

लाकूड आतून भुंग्यानं पोखरलं होतं. वरून ठणठणीत दिसत होतं. यानं लाकूड पकडायच्या शिकंज्यात धरून जरासं आवळलं आणि नेमके त्या खळग्यांपाशी त्याचे दोन तुकडे झाले. जुनं लाकूड बदलायचं नाही ही अट, वकीलसाहेबांचा जीव त्या खळग्यांत. याचा धीरच होईना तोंड दाखवायचा. नामपूरला त्याचे सासरे होते, बैलगाडीची चाकं करण्यात उभी हयात गेलेली. बायको नवरात्रासाठी माहेरी गेलेलीच होती. तर चाक घेऊन तोही तिकडं गेला. सासऱ्यांनी सांगितलं, हे वाचतंय. फाउंड्रीच्या पूजेसाठी तेवढा तो नाशकात आला होता, उद्या जाऊन आणणार होता. मी विचारलं, मघाशीच का नाही सांगितलंस? नोकरी घालवायला निघाला होतास की. तो म्हणाला, "साहेब, चोर म्हणाल ते उद्या खोटं ठरलं असतं. पण वकीलसाहेबांच्या वडिलांची खूण मी मोडली, हे खोटं कसं ठरणार?"

मी वकीलसाहेबांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मोडलं हे ऐकून ते मटकन खाली बसले, त्याच खुर्चीत. मग एकदम उठून म्हणाले, चला नामपूरला. आमची जीप बंदोबस्तात होती, म्हणून त्यांच्याच अँबॅसेडरमधून निघालो. चांदवड मागं पडेपर्यंत वकीलसाहेबांनी गाडी कुठंच थांबवली नाही. मागच्या सीटवर सुतार आणि मी, मध्ये त्याचा पेढा.

उन्हं कलता कलता पोचलो. सासऱ्यांच्या पडवीत पूजा मांडलेली होती. वाकस, पटाशा, रंधे, करवती, एक अर्धवट झालेलं गाडीचं चाक, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पाटावर वकीलसाहेबांचं स्टिअरिंग! वर झेंडूची माळ, पुढं नैवेद्य. वकीलसाहेब पुढं झाले तशी म्हाताऱ्यानं हाताची काठी आडवी धरली. मी माझी ओळख सांगितली, चाक ताब्यात घ्यावं लागेल म्हणालो. म्हातारा शांतपणे अहिराणीत म्हणाला, "सायेब, आज खंडेनवमी शे. आज हत्यारले कोनी हात लावत नही. तुमना ठाणामा बी बंदुका पूजाले ठेयेल व्हतीन ना?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाबा, बंदुकाच काय, बेड्यासुद्धा ठेवल्यात."

"मंग? बेड्यास्ले बी सुट्टी शे, तर मना जवाईले बी सुट्टी द्या."

वकीलसाहेबांनी चपला काढल्या आणि पाटासमोर मांडी घालून बसले. हात मागं बांधून, लहान मुलानं दुकानातली मिठाई बघावी तसे वाकून बघायला लागले. म्हाताऱ्यानं त्यांना बसल्या जागेवरून समजावलं. पोखरलेला भाग आतूनच कोरून काढला होता, जुन्या बाभळीची पट्टी आत सरसानं बसवली होती, वरून ओली दोरी करकचून बांधून तीन दिवस सुकवलं होतं आणि सकाळीच पूजेआधी दोरी सोडली होती. वरचं लाकूड सगळं जुनंच. सांधा शोधून दाखवा म्हणाला. वकीलसाहेबांना तो सापडला नाही. खळगे मात्र सापडले, दोन्ही, जिथल्या तिथं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सुताराला म्हणाले, माझं चुकलं. इतकंच म्हणाले, पण वकिलाच्या तोंडून मी ते शब्द उभ्या नोकरीत तेवढे एकदाच ऐकले.

मला रात्रीच्या बंदोबस्ताला हजर राहायचं होतं, मी एसटीनं परतलो. वकीलसाहेब तिथंच राहिले. दसऱ्याला दुपारी अँबॅसेडर थेट ठाण्यासमोर येऊन उभी राहिली. सुतार पुढं बसला होता, पण चाक त्याच्या मांडीवर नव्हतं. गाडी चालवायला त्यांनी नामपूरहून सासऱ्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर घेतला होता आणि स्वतः मागं बसून चाक मांडीवर घेतलं होतं. डिकीत ठेवू म्हटलं तर ठेवू देईनात, सुतार हसत सांगत होता. त्यांनी अर्ज मागं घेतल्याचा जबाब माझ्यासमोर लिहून दिला. संध्याकाळी चाक बसलं, पूजा झाली, आणि चार वर्षांच्या मेहनतीची ती स्पोर्ट्स कार काही केल्या सुरू होईना. आमच्या तीन शिपायांनी ढकलत ढकलत तिला चौकापर्यंत नेलं आणि सोनं वाटलं. सुतार वकीलसाहेबांच्या शेजारी बसला होता आणि त्यांच्याबरोबर नामपूरहून आलेली त्याची बायको फाटकात उभी राहून हसत होती.

त्या केसनं मला एक शिकवलं. गुन्हा केलेला माणूस गप्प बसतो आणि शरमलेला माणूसही तसाच गप्प बसतो. बाहेरून दोघं सारखे दिसतात. त्यानंतर कुणी समोर बसून तोंड उघडेना, की "काय चोरलंस" विचारण्याआधी मी "काय मोडलं" हे विचारून बघायचो. पुष्कळांचं काही ना काही मोडलेलं असायचं.

पडताळणीचा अहवाल मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठवला. त्यात 'काही प्रतिकूल आढळून आले नाही' एवढंच लिहायचं असतं. मी खाली एक ओळ जादा लिहिली आणि त्याबद्दल वरून मला विचारणाही झाली. पण लिहिलं ते लिहिलं. सुतार त्या कारखान्यातून निवृत्त झाला, आणि त्याच्या फाइलीत माझ्या अक्षरात तो शेरा शेवटपर्यंत होता: 'सदर इसमाने चौकशीदरम्यान ठाण्यातील खुर्ची स्वतःहून दुरुस्त केली.'