साहेबाच्या वाळूवर ठकूबाईचं सारवण

सव गावात कुणाच्याही घरी बेधडक शिरावं, पण ठकूबाईच्या अंगणात पाय टाकण्याआधी कडेला उभं राहून हाक मारावी, असा रिवाज होता. सारवण वाळलेलं असलं तर आतून "या" ऐकू यायचं. ओलं असलं तर निरोप तिथूनच ओरडून सांगायचा आणि मुकाट्याने परत फिरायचं. गावच्या पाटलालाही यात सूट नव्हती. सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींना तिने एकदा मांडून ठेवलेल्या पाटांवरून उड्या मारायला लावत ओटीपर्यंत नेलं होतं. आणि एका कोंबडीने ओल्या भुईवर पावलं उमटवली, तर पोतेरं हातात घेऊन ही बया तिच्यामागे थेट सावित्री नदीच्या काठापर्यंत धावली होती. कोंबडीने त्या दिवसापासून अंडी घालणं सोडलं म्हणतात. घालील कशाला बिचारी!

सवला गरम पाण्याची कुंडं आहेत. लांबलांबून लोक अंग शेकायला यायचे, डोळे मिटून हात जोडायचे. ठकूबाईचं मत वेगळं होतं. "देवानं पानी तापवून ठेवलंय, ब्येस केलंय," ती म्हणायची, "पन कडंनं कोनी सारवलंय काय?"

खळगा तर तिला बघवायचाच नाही. महाडच्या बाजाराला निघाली, डोक्यावर पाटी असली, तरी वाटेत खळगा दिसला की पायाने माती लोटून तो बुजवायची, वर दोनदा टाच आपटायची आणि मगच पुढे व्हायची. शेजारची आवडी म्हणायची, "ठकू, तू सरनावरनं उठशील गो नि लोकांना इचारशील, भुई नीट सारवलीय काय!"

लोक हसायचे, पण या वेडाला कारण होतं आणि ते ठकूबाई कुणाला सांगत नसे. तिचा नवरा पांडू लग्न झाल्या वर्षीच मुंबईला गिरणीत गेला. शिमग्याला चार दिवस यायचा, गणपतीला चार दिवस. कधीमधी रजा मिळाली तर न कळवता उगवायचा. नवरा घरचा, पण यायचा पाव्हण्यासारखा. अंगणाच्या कडेला उभा राहायचा, वहाणा काढायचा, "येऊ काय गो?" म्हणून विचारायचा. आता असा पाव्हणा नेमका कधी येईल ते माहीत नसेल, तर अंगण रोजच सारवलेलं नको का? ठकूबाई रोज सारवत राहिली. हात सारवायचे आणि कान वाटेकडे असायचे.

मग एकोणतीस साली गिरणीत संप झाला, पांडू घरी आला, आणि त्याच सुमाराला डंकन साहेबाला वेड लागलं.

डंकन साहेब पोलादपूरच्या रस्त्याच्या कामावर आलेला इंजिनेर. माणूस वाईट नव्हता, फक्त गोल्फ नावाच्या खेळाचा रोगी होता. काठीने चेंडू मारायचा, चेंडू लांब जातो, मग त्याच्यामागे चालत जायचं आणि परत मारायचा, शेवटी तो निशाण रोवलेल्या एका भोकात घालायचा, असा तो खेळ. लोकांनी त्याला नाते गावाकडचं छान सपाट माळरान दाखवलं, तर साहेबाने नाक मुरडलं. पण सवजवळ सावित्रीच्या काठचं वाळवंट दिसलं, तशी त्याने चालत्या मोटारीतून उडी मारली. पोटावर पालथा पडून वाळूचे उंचवटे न् खळगे बघत बसला आणि डोळ्यांतून पाणी काढलं म्हणे.

साहेबाची मोटार चालवायचा महाडचा रऊफ. तरुणपणी बोटीवर खलाशी होता, त्यामुळे इंग्रजी यायचं. गावाला समजावून सांगणं त्याच्याकडे आलं. "साहेबाचा मुलूख दर्याकाठी," तो म्हणाला, "हा खेळ जन्मला तोच वाळूत. तिथले खड्डे वाऱ्याने नि मेंढरांनी केलेत. माणसाने बनवलेलं मैदान साहेब खोटं मानतो. देवाने ठेवलंय तस्संच पायजे."

"खेळायला मैदान हवं, नि सपाट नको?" आवडीने विचारलं. रऊफने खांदे उडवले. बोटीवर त्याने याहून मोठी वेडं पाहिली होती.

वाळवंटाला राखणदार हवा होता. पांडूला गिरणीत चार इंग्रजी शब्द चिकटले होते, ते त्याने साहेबासमोर एका दमात म्हणून टाकले आणि काम मिळवलं. शेळ्या हाकायच्या, गुरं वळवायची, आणि वाळूला कुणी हात लावू द्यायचा नाही. साहेबाने खड्ड्यांना नावंही ठेवली होती. सगळ्यांत मोठा, खोल, कुणाला सुखाने बाहेर येऊ न देणारा जो खड्डा, त्याला त्याने आपल्या सासूचं नाव दिलं होतं. पांडू रोज सकाळी सासूला एक फेरी मारून यायचा.

आणि रोज संध्याकाळी घरी यायचा! ठकूबाईला हे सुख पेलवेना. नवरा ओट्यावर बसून भाकरी खातोय, हातातली मिरची संपली म्हणून दुसरी मागतोय, हे ती दाराआडून बघत राहायची आणि तिला उगाचच रडू यायचं. पण काम कच्चं होतं. मुंबईच्या क्लबातला एक मोठा साहेब मैदान बघायला येणार होता. त्याने पसंत केलं तर पांडू कायमचा राखणदार. नापसंत केलं तर खेळ बंद, आणि पांडूची परत गिरणी.

पाव्हणा यायच्या आदल्या दिवशी पांडू मोटारीत बसून साहेबाबरोबर महाडला निघाला, पाव्हण्याचं सामान उचलायला. जाताना बायकोला म्हणाला, "हे बघ, साहेबानं बजावलंय, काय बी करायचं नाय. नॅचरल! नॅचरल म्हंजे हाय तस्सं."

ठकूबाईने मान डोलावली. मोटार दिसेनाशी झाली तशी पदर खोचला.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा! "काही करू नका हं" असं पाव्हण्याकडचं माणूस म्हणतंच. ते म्हणणं त्याचं काम, आणि तरी करणं आपलं काम. कुणाच्या घरी "चहा नको" म्हटल्यावर चहा न देणारी बाई कुणी पाहिली आहे? नवऱ्याचं सगळं नशीब ज्या पाव्हण्याच्या हातात, तो आला आणि भुई उकरलेली, खड्डे आ वासून पडलेले! छे! ठकूबाईने आवडीला हाक मारली, आवडीने आळीला, आणि गावातल्या बायका पाट्या घेऊन वाळवंटावर उतरल्या.

वाळूवर नुसतं शेण धरत नाही, हे कुणीही सांगेल. म्हणून त्यांनी चिकणमाती वाहिली, पसरली, पाणी मारलं, चोपण्यांनी चोपली. भाताच्या मळणीचं खळं करतात ना, तसं निशाणाभोवती लांबरुंद खळं केलं. वाटेतले खड्डे बुजवले. सासूला बुजवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. सगळ्या गावचं शेण त्या दिवशी तिथे गेलं. सकाळी उठून परत एक हात फिरवला, भोकाभोवती कमळाची रांगोळी काढली, निशाणाच्या काठीला हळदकुंकू लावून आंब्याची डहाळी बांधली. इतकी देखणी भुई सावित्रीने जन्मात पाहिली नव्हती.

मोटार पाव्हण्याला न् पांडूला घेऊन आली. डंकन साहेब उतरला आणि पांढराफटक पडला, मग लाल झाला. तो रऊफला काहीतरी म्हणाला.

"साहेब विचारतो," रऊफ घाबरत म्हणाला, "सासू कुठाय?"

"माझी? ती गेल्या वैशाखात वारली," ठकूबाई म्हणाली. साहेबाने एवढी चौकशी करावी, तिला भरून आलं.

पुढे साहेब जे ओरडला ते भाषांतराशिवाय सगळ्यांना कळलं. पांडूचं काम गेलं. पांडूने डोक्याचा फडका काढला, शांतपणे झटकला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "उद्या दासगावला जाऊन मुंबईची लाँच धरतो." रागावलाही नाही मेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

ठकूबाई साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "साहेब, बोल लावायचा तर मला लावा! ह्ये मानूस 'नॅचरल नॅचरल' करून थकलं, मीच ऐकलं नाय. माझा नवरा लग्न झाल्यापासनं पाव्हन्यावानी येतो न् जातो. कधी येईल ठाव नाय म्हनून मी रोज अंगन सारवत आलेय. मला दुसरं काय येतंय? आता कुठं तो रोज घरी जेवतोय. त्याला धाडू नका. तुमचे खड्डे मी नखानं उकरून देते!" बोलता बोलता ती रडायला लागली.

रऊफने घसा खाकरला आणि साहेबाला इंग्रजीत चार शब्द सांगितले.

ठकूबाईने रडणं थांबवलं. "येवढं बोलले, नि येवढंसंच झालं?"

"इंग्रजीत जागा कमी असते, वैनी," रऊफ म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते.

मुंबईच्या मोठ्या साहेबाचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. हा एक गोल गरगरीत माणूस. वाळूत अडकलेला चेंडू त्याला जन्मात कधी धड बाहेर काढता आला नव्हता, आणि वाळवंट म्हटल्यावर तो वाटेतच धसकला होता. त्याने आपला लांबूनच डोळे मिटून एक टोला हाणला. चेंडू उडाला, बुजलेल्या सासूवर टणकन आपटला, सारवणावरून सरळ रेषेत सरसरत आला, कमळाच्या मधोमध गेला आणि भोकात पडला.

एका टोल्यात! मोठा साहेब आधी बघतच राहिला. मग त्याने टोपी उडवली, आरोळी ठोकली आणि धावत येऊन भोकाभोवती बुटांसकट नाचायला लागला.

"अरे मेल्या, ओलं हाय!" ठकूबाई किंचाळली. "पाय उचल! उचल पाय!"

पांडूने डोळे मिटून घेतले. आवडी पळायच्या बेतात होती. मोठा साहेब मात्र एक पाय वर उचलून जागच्या जागी थिजला. तसाच डुलत त्याने रऊफला काय झालं म्हणून विचारलं, आणि कळल्यावर मुकाट खाली बसून बूट काढले.

मग मोज्यांवर उभा राहून त्याने जाहीर केलं, की मैदान पसंत आहे, आणि प्रत्येक निशाणाभोवती असलीच भुई पाहिजे. डंकन साहेब म्हणाला, माझी वाळू! मोठा साहेब म्हणाला, माझा टोला! दोघे ऊन चढेपर्यंत भांडले, आणि शेवटी ठरलं ते असं. निशाणाभोवती सारवण, बाकी सगळं देवाने ठेवलेलं. सासूला उकरून पुन्हा जागेवर आणायचं. उकरायला पांडू, सारवायला ठकूबाई, दोघंही कायम. नवरा खणतोय आणि बायको लिंपतेय, असा संसार रायगडाच्या मुलखात दुसरा नसेल.

दुसऱ्या दिवशी वाळवंटावरचं काम आटोपून ठकूबाई आधी घरी आली आणि सवयीने अंगण सारवायला बसली. शेवटचा हात फिरतोय तोवर पांडू सासूला उकरून परत आला. नेहमीसारखा कडेला थांबला, वहाणा काढल्या. "येऊ काय गो?"

"आता इचारता कशाला?" ठकूबाई वर न बघता म्हणाली. "पाव्हनं हाव काय तुमी?"

"पन ओलं हाय."

"असू दे. या."

पांडू बिचकत बिचकत ओल्या भुईवरून चालत ओट्यापर्यंत गेला. सकाळी आवडी विस्तव मागायला आली, तर अंगणाच्या मधोमध ही पावलं वाळून पक्की झालेली, आणि ठकूबाई त्यांच्या कडेकडेने झाडत होती.

"अगो बाय! ह्ये कोन तुडवून गेलं?"

"गेलं नाय कोन," ठकूबाई म्हणाली. "आलंय."