जुन्या रिलीजमधला आवाज

दादाची नजर गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली. वहिनी त्याआधीच गेली होती, मुलगा कॅनडात. घाटकोपरच्या दोन खोल्यांत दादा एकटा राहतो. त्याला मी लिनक्सचा एक कॉम्प्युटर बसवून दिला होता. पडद्यावरचं मराठी तो कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा. आवाज कोरडा, शब्द तोडून बोलणारा, पण दादाच्या कानाला त्याची सवय झाली होती.

या उन्हाळ्यात मी ती सिस्टिम नव्या रिलीजवर, म्हणजे नव्या आवृत्तीवर नेली. असं केलं की जुन्या रिलीजमधली काही पॅकेजं, म्हणजे छोटे-मोठे प्रोग्राम, मागे उरतात, नव्यात ती नसतातच. बसवलेल्यांतून तेवढीच वेगळी काढून दाखव, असं पॅकेज मॅनेजरला सांगता येतं. मी सांगितलं. थोडीफार नावं आली. ऑफिसच्या सर्व्हरवर काढतो तशी ती मी न वाचताच काढून टाकली आणि अंधेरीला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला, मशीन काय बडबडतंय ते देवाक ठाऊक. काढलेल्या नावांत त्याचा मराठी आवाजही होता.

संध्याकाळी मेट्रोनं गेलो. उपाय लगेच दिसला. जुन्या रिलीजचा साठा इंटरनेटवर अजून उपलब्ध होता, तिथून ते एक पॅकेज परत आणायचं, बस. पण दादा म्हणाला की आधी पेपर तरी वाच, कालपासून जगात काय चाललंय कळलेलं नाही. मी वाचायला बसलो. बऱ्याच वर्षांत मी कोणासाठी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं.

"बातमी वाचतोयस की दहाव्याचे मंत्र म्हणतोयस?" दादा म्हणाला. "जरा जीव ओत ना रे."

मी हसलो. त्यानं चहा टाकला, अंदाजानं, सगळा ओट्यावर सांडत. निघताना त्यानं मशीनचं विचारलं. वेळ लागेल, बघावं लागेल, असं मी म्हणालो.

घटस्फोटानंतर माझ्या घरी संध्याकाळी टीव्हीखेरीज कोणी बोलत नाही. मी रोज घाटकोपरला जाऊ लागलो. कॉम्प्युटरसमोर बसायचो, थोडं टकटक करायचो, मग पेपर उघडायचो. दादा प्रत्येक बातमीवर काहीतरी बोलायचा, मी उलट बोलायचो, आठ कधी वाजायचे कळायचं नाही. आपण त्याला सोबत करतोय, असं मी स्वतःला पटवत होतो.

दुसऱ्या आठवड्यात, मी अग्रलेख अर्ध्यावर आणला होता, तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"मशीन नाहीच होणार का नीट?"

मी विचारलं, घाई कसली, मी येतोय ना रोज.

"पोराचे मेल येतात रे. आमचं काय चाललंय, ते तुझ्या तोंडून नाही ऐकायचं मला. वाईट वाटून घेऊ नकोस. पण ऐकलेल्या शेवटच्या मेलात तो काहीतरी विचारत होता. मी उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा रुसला असेल."

मी उठलो. जुन्या रिलीजचा साठा जोडला, ते एक पॅकेज तिथून घेतलं आणि पुढच्या अपडेटमध्ये ते पुन्हा निघून जाऊ नये म्हणून रोखून ठेवलं. दादानं बटण दाबलं. जुना आवाज तुटक बोलू लागला.

"एवढंच होतं?" दादानं विचारलं.

हो म्हणालो. त्याला कामाचा अंदाज आला असणार, आमचा दादा आयुष्यभर मशीनशॉपमध्ये होता. इतके दिवस का लागले ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हातानं चाचपत हेडफोन शोधला, कानांवर चढवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मी पेपरची घडी घातली. मग येतो म्हणालो. त्याला ऐकू गेलं नसावं. बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं, लॅच लागल्याची खात्री केली आणि जिना उतरलो.