तिसरा दिवस कुठून मोजायचा

धुळ्याच्या इंग्रजी शाळेत आम्हाला बायबलचा तास असायचा. येशूला शुक्रवारी दुपारी क्रुसावर दिलं आणि रविवारी पहाटे कबर रिकामी सापडली. मग तिसरा दिवस कसा, हे मला कळत नसे. हात वर करायची भीती वाटायची, म्हणून मी वहीत प्रश्न लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वर्गात माझं नाव न घेता उत्तर दिलं. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात. शुक्रवारची उरलेली दुपार हा पहिला, शनिवारचा सूर्य मावळला की तिसरा. गुरुवारी रात्रीचं शेवटचं जेवण आणि शुक्रवारी दुपारचं मरणही त्यांच्या हिशेबाने एकाच दिवसातलं. आपलं घड्याळ लावून ती गोष्ट वाचली की चुकतेच, असं बाई म्हणाल्या. मला ते फार आवडलं होतं.

शाळेची ती वर्षं मी आत्याकडे राहिले. तिला मूल नव्हतं. माझी राख तूच सावडायची, असं तिने मला आणि काकांनाही सांगून ठेवलं होतं. पुढे ती साक्रीला काकांकडे गेली, मी नोकरीसाठी जळगावला, मेहरूणमध्ये एका खोलीत.

शुक्रवारी सकाळी काकांचा फोन आला. पहाटे चारला आत्या गेली होती. दहापर्यंत अग्नी देणार होते, मी पोहोचणं शक्य नव्हतं. तिसऱ्याला ये, म्हणाले. शुक्रवार, शनिवार, रविवार. पहिला दिवस धरायचा असतो हे मला माहीत होतंच. वार विचारला नाही. फोनवर जास्त बोलणं मला जमत नाही.

रविवारी पहिल्या बसने निघाले. साक्रीला घरासमोर काका एकटेच बसले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"तिसरा ते काल व्हई गया, बेटा," ते हळूच म्हणाले. "दिन उगाना पहिले गयी ती. आपलामा गुरुवारच धरतस."

आमच्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो. चार वाजताची ती वेळ अजून गुरुवारातच होती.

ओट्यावरच्या शेजारच्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "इंग्रजी शाळामा रातलेच दिन उगस का वं?"

मी खाली पाहिलं. ज्यूंचा दिवस मला पाठ होता, हे कुणाला सांगणार?

काकूने भाकरी वाढली. शनिवारी ऊन चढेपर्यंत सगळे माझ्यासाठी थांबले होते, असं ती म्हणाली. सुट्टी मिळाली नसेल, उगाच पोरीला अडचण नको, म्हणून फोन केला नाही. मग राखेची पहिली मूठ कुणी उचलली, असं मी विचारलं. काकूने डोळ्यांनीच बाहेर ओट्यावरच्या म्हातारीकडे दाखवलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले आणि म्हातारीच्या शेजारी बसले. तिने तांब्या घेतला. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. अहिराणी मला समजते, बोलता येत नाही.