इंजिनातला दुभाषी

रुळावर धावणारं हातभर लांबीचं पितळी इंजिन ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं वरून दाबून धरायचे. चाकं जागच्या जागी थांबत, आतली मोटर कण्हू लागे, आणि यांची नजर मात्र शेजारच्या मीटरच्या काट्यावर. पाव अँपिअरवर डुलणारा काटा एकच्या पुढे उडी मारायचा. मग अंगठा उचलून ते आपल्याकडे असं बघत, जणू चोरी आपणच केली आणि पकडलेही आपणच गेलो.

"चालता कोनीही गरीबच दिसते गा," ते म्हणायचे. "अडवून पाहा. मंग समजते किती खाते."

आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. मी शिक्षण संपवून नागपुरात वीज खात्याच्या मीटर-तपासणीच्या खोलीत चिकटलो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि भाऊ त्या खोलीतले सर्वांत जुने तपासनीस होते. भिंतीला लावलेल्या फळीवर लोकांच्या घरची मीटरं ओळीनं टांगलेली असत, त्यांच्या चकत्या फिरत असत, आणि भाऊ हातात घड्याळ घेऊन फेऱ्या मोजत असत. पहिल्याच उन्हाळ्यात मी कपाळ पुसत म्हणालो, "आज ऊन फार आहे."

"किती?"

मी म्हटलं, फार आहे. ते उठले, व्हरांड्यातला तापमापक बघून आले.

"पंचेचाळीस. याले तू फार म्हनतो, तं सत्तेचाळीसले काय म्हनशीन? शब्द जपून वापरत जा. मोजल्याबिगर बोलू नको."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते वाद घालतच नाहीत. उठतात आणि मोजून येतात.

एकदा आमच्याच एका बड्या साहेबांच्या बंगल्यावरचं मीटर तपासायला आलं. भाऊंनी ते फळीवर चढवलं, फेऱ्या मोजल्या आणि अहवालात लिहिलं की मीटर झोपाळू आहे, शंभरात तीस फेऱ्या गाळतं. वरून निरोप आला, पुन्हा एकदा नीट तपासा. भाऊंनी दोनदा तपासलं. तिन्ही अहवाल टाचणीनं जोडले आणि स्वतः साहेबांपुढे नेऊन ठेवले. तीस, तीस, एकतीस.

"हे एकतीस काहून आलं, ते मीही पाहून राहिलो साहेब," असं वर सांगून आले. साहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं, असं आम्ही विचारलं. ते त्यांनी बघितलं नव्हतं.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. शिक्षा म्हणून. उमरेडला. आता भाऊ मूळचे त्याच भागातले आणि वहिनींचं तर माहेरच उमरेडचं. कर्मचाऱ्याला शिक्षा म्हणून सासुरवाडीला धाडणारं खातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

सोमवारी इतवारी स्टेशनातून छोट्या लाइनची गाडी धरायची आणि शनिवारी त्याच गाडीनं परतायचं, असं त्यांनी तीन वर्षं केलं. त्या चिमुकल्या वाफेच्या इंजिनाचा त्यांना तिथेच नाद लागला. इंजिन पाणी घ्यायला थांबलं की हे खाली उतरून टेप काढत. पहिल्यांदा ड्रायव्हरनं हटकलं. पुढेपुढे तो टेपचं दुसरं टोक धरू लागला. भाऊ नागपुरात परत आले ते एक जाड वही घेऊन. तिच्यात इंजिनाच्या चिमणीपासून पायरीच्या खिळ्यापर्यंत सगळी मापं होती.

निवृत्तीनंतर ते इंजिन बनवायला बसले. जुन्या स्टोव्हच्या टाक्यांचा पितळी पत्रा, भंगारातून निवडून आणलेली मोटर, आणि अजनीच्या घराची पुढची खोली. खोलीत कडेनं फळ्या मांडून त्यांवर रूळ फिरवले. पाहुण्यांना बसायला मधोमध दोन खुर्च्या उरल्या. एक इंजिन झालं, मग दुसरं. आणि तिथे खरी अडचण सुरू झाली. रुळांत वीज सोडली की दोन्ही इंजिनं एकदमच सुटायची. एकाला थांबवावं तर दुसरंही थांबायचं.

"हे काय इंजिनं हायेत? मेंढरं हायेत," भाऊ म्हणाले.

सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक विलायती मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं, की परदेशात आता रुळांतून विजेबरोबर आकड्यांच्या खुणेत हुकूमही पाठवतात, आणि प्रत्येक इंजिनात एक छोटी पट्टी बसवतात. ती आपला नंबर आला तेवढाच हुकूम ऐकते, बाकीचे सोडून देते. मासिकात तिला डिकोडर म्हटलं होतं. भाऊंनी तिचं नाव दुभाषी ठेवलं. रूळ बोलतात ते मोटरीला समजावून सांगणारा.

अशी पट्टी आपल्याकडे मिळणं शक्यच नव्हतं. मासिकात तिची तोंडओळख होती, आतली जोडणी नव्हती. ती भाऊंनी स्वतः डोक्यानं बसवली, सुटे भाग मिळतील तसे आणले, आणि वर्षभरानं पहिला दुभाषी इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात बसला. मला मुद्दाम बोलावलं होतं. इंजिन हुकमानं निघालं, हुकमानं थांबलं. तिसऱ्या फेरीला वहिनी शेजारी बसून सुपात तूर पाखडत होत्या, त्यातला एक दाणा उडून चाकांच्या दात्यांत गेला. इंजिन अडकलं. डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली.

"शेगडीवर तं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "मंग करपलं काय?"

वर्षभराचं काम करपलं होतं. भाऊंनी इंजिन चालताना किती वीज घेतं, ते मोजलं होतं. अडकल्यावर किती ओढतं, ते मोजलं नव्हतं. दुभाषी अर्ध्या अँपिअरचा होता. भाऊंनी तो तुरीचा दाणा चिमटीत उचलला. "जलमभर लोकायची मीटरं तपासली," म्हणाले, "आन घरचं इंजिन मोजाले इसरलो." अंगठ्यानं दाबून मोजायची सवय त्यांना त्या दिवसापासून लागली. पुढचा दुभाषी त्यांनी दीड अँपिअर सोसणारा बनवला, आणि तो टिकला.

दुसऱ्या इंजिनाच्या दुभाष्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पण तो अजून पिकला नाही, म्हणाले, पिकल्यावर काढू. त्या काळी तशीच पद्धत होती.

"आंबा हाय का?" भाऊ बाहेर येऊन माझ्यावर चिडले. "आन किती पिकला, ते मोजून सांगा म्हटलं तं हासते."

बारीक तारा कथलानं झाळून जोडणं आता त्यांना जमेना. माझे हात मीटर उघडण्यापुरते. मी दोन जागी टाके मारले ते दोन्ही एकमेकांना चिकटले. भाऊंनी पट्टी चाचपली आणि माझ्या हातून तापती काडी काढून घेतली. शेवटी वहिनी पदर खोचून पुढे आल्या. हा सगळा उद्योग त्यांच्या लेखी पोरखेळ होता आणि तसं त्या तोंडावर म्हणत. पण त्या उमरेडच्या विणकराची लेक. तुटलेला धागा गाठ न दिसता जोडायचं काम त्यांनी परकराच्या वयापासून केलेलं.

"सांगा कुठं लावू?" त्या म्हणाल्या. "आन वरडू नका. वरडले तं उठून जातो."

भाऊंनी भिंग लावून, डोळे फाडफाडून मोठ्या कागदावर पेन्सिलनं जोडणीचा नकाशा काढला. तीन दिवस लागले. मग वहिनी नकाशा बघून टाके मारू लागल्या आणि भाऊ खुर्चीत बसून सूचना देऊ लागले. त्यांना दिसत काहीच नव्हतं, तरी सूचना थांबत नव्हत्या. वहिनी हो हो म्हणत आणि आपल्या मनानं करत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही पद्धत दोघांनाही अंगवळणी पडली होती. दीड महिन्यात दुभाषी तयार झाला आणि पहिल्या दिवसापासून नीट चालला.

वस्तीतल्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. भाऊंना मानानं बोलावलं. हॉलमध्ये रूळ मांडले, दोन इंजिनं, दोन हुकमाच्या पेट्या. एक भाऊंच्या हातात, दुसरी वहिनींच्या. भाऊंनी आधी भाषण केलं. आजवर एका रुळावर दोन इंजिनांना एकच मर्जी होती, ती आम्ही वेगवेगळी केली, वगैरे. मग प्रयोग सुरू झाला. इंजिनं खरोखरच आपापल्या मर्जीनं चालू लागली. एक पुढे, एक मागे. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

आणि मग दोन्ही एकमेकांच्या दिशेनं निघाली.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या.

"तू थांबव वं."

"माझं थांबलंच हाय. तुमचं येऊन राहिलं!"

भाऊंना समोर फक्त पिवळा धूसर ठिपका दिसत होता आणि तो त्यांना उभा वाटत होता. धाडकन आवाज झाला. दोन्ही इंजिनं आडवी. मेंढरांसारखी चालत होती तोवर त्यांना एकमेकांवर आदळायची सोयच नव्हती; ती भाऊंनी इतकी वर्षं खपून करून दिली होती. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हाच प्रयोग होता, असा सर्वांचा समज झाला. प्रमुख पाहुणे पुढे येऊन म्हणाले, "वा! पुन्हा एकदा दाखवा." भाऊंनी तोंड उघडायच्या आत वहिनींनी इंजिनं उचलून रुळावर ठेवली आणि पुन्हा एकदा दाखवलं. या वेळी मात्र बोटभर अंतरावर थांबवलं. त्याला टाळ्या कमी पडल्या.

पुढच्या हिवाळ्यात मोतीबिंदू एकदाचा पिकला. ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल, ते सांगायला नको. कोळशाच्या डब्याचं झाकण उघडून वहिनींनी जोडलेली पट्टी ते उजेडात धरून बघत बसले. मी समोर होतो. वहिनी आत पाट्यावर चटणी वाटत होत्या.

"टाके झकास हायेत," ते मला म्हणाले. मग आवाज मुद्दाम जरा वाढवून, "नकाशा बरोबर असला ना, मंग जोडनारा कोनीही असो, काम होते."

पाट्याचा आवाज जरासा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर भाऊ दोन वर्षं होते. डोळे नवे झाल्यानं त्यांनी तिसरं इंजिन काढलं होतं, त्याचा पत्रा कापून झाला होता. एका सकाळी अंघोळीला कढत पाणी काढलं आणि ते निवेपर्यंत म्हणून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. मी पोचलो तोवर घर माणसांनी भरलं होतं. रुळांवर लोकांनी टोप्या, पिशव्या ठेवल्या होत्या. वहिनी त्या एकेक उचलून खुंटीला अडकवत होत्या. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, बसा तुम्ही. त्या बसल्या नाहीत.

दोनेक महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. परदेशी तिकीट लावलेलं पाकीट आलं होतं. भाऊंनी कोणाला न सांगता आपल्या दुभाष्याची हकिकत त्या विलायती मासिकाला लिहून पाठवली होती. संपादकानं उत्तर दिलं होतं, की लेख फार आवडला, छापायचा आहे, तरी जोडणीचा नकाशा तेवढा पाठवावा. मी पत्राचा अर्थ मराठीत सांगितला. वहिनींनी दोनदा सांगायला लावला.

मग त्यांनी ट्रंकेतून तो मोठा कागद काढून माझ्यापुढे पसरला. नकाशा छानच होता. मी म्हटलं, "असाच पाठवू."

"असा नका पाठवू," वहिनी म्हणाल्या. "याच्यात एक तार चुकली हाय."

त्यांनी बोट ठेवलं. "हे पाहा भाऊजी. इंजिन पुढं न्यायची जोडनी या आंगाले, मागं न्यायची त्या आंगाले. दोन्ही सारखीच पाहिजे ना? लुगड्याचे दोन काठ. इकडं जसा धागा, तसाच तिकडं. ह्यांनी तिकडं एक धागा भलत्याच टोकाले नेला. डोये दिसत नव्हते. मी जोडताना बदलला."

"आणि भाऊंना?"

"काहून सांगायचं? तीन दिवस डोये फोडून काढला होता त्यांनी."

मला चटणीचा पाटा आठवला. मी विचारलं, "मग आता काय करायचं? संपादकाला काय लिहू?"

"दुरुस्त करून धाडा. कोना परदेशी मानसाचं इंजिन आपल्यामुळं जळाले नको." मग म्हणाल्या, "नाव ह्यांचंच राहू द्या. आन ते गेले, हे खाली लिहा. नाहीतर लोक पत्र लिहीत राहतीन."

मी खोडरबर घेतला आणि ती रेघ पुसली. त्यांनी सांगितलं तिथे नवी काढली. पेन्सिल गेली, पण भाऊंनी दिसत नसल्यानं जोर देऊन काढलेल्या त्या रेघेची खाच कागदावर तशीच राहिली होती. उजेडात तिरपा धरला की दिसायची. मी नखानं ती घासू लागलो.

वहिनींनी माझा हात बाजूला केला. कागद उचलून खिडकीपाशी नेला, तिरपा करून बघितला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "छापल्यावर दिसनार नाही."