पेडलवरचा पाय

नरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी खाप्याला भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. "ट्रॅकवर गाडी थांबलीच नाही, भिंतीवर गेली," एवढंच पलीकडून ऐकू आलं. सांगायला लाज वाटते, पण आधी तो आठवला नाही. आधी माझा उजवा पाय आठवला...

आमची दोस्ती शाळेपासूनची. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर, मी बँकेत कारकून. मला साधं चाक बदलता येत नाही. त्याची जुनी लाल हॅचबॅक म्हणजे त्याचं दुसरं लेकरू. उमरेडकडे एका खाजगी ट्रॅकवर हौशी लोक गाड्या पळवायचे, तिथे तो तीही न्यायचा. पण वेगाचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. "पळवते त कोनीबी. थांबवता आली पाह्यजे," म्हणायचा. म्हणून इंजिनाला हात न लावता त्यानं आधी ब्रेक बदलायला घेतले. पुढे मोठ्या डिस्क, जास्त उष्णता सोसणारे पॅड, नव्या नळ्या, नवं ऑइल.

शेवटचं काम दोन माणसांचं होतं, नळ्यांतली हवा काढायचं. मी आत बसून पेडल दाबून धरायचं. तो चाकाशी बसून नट सैल करणार, बुडबुडे निघाले की आवळणार आणि मगच "सोड" म्हणणार. त्याआधी पाय उचलला तर हवा उलटी आत शिरते, पेडल नरम पडतं आणि ब्रेक नीट लागत नाही, हे त्यानं मला दहादा बजावलं होतं. शेवटच्या चाकाला माझा फोन वाजला. पँटच्या खिशातून तो काढायला अंग तिरपं केलं आणि पाय उचलला गेला. लगेच परत दाबला.

"सोडलं होतं का गा?" खालून आवाज आला.

"नाही," मी म्हणालो. ऊन मी म्हणत होतं, परत सगळं करायचा कंटाळा आला होता. खोटं बोलायला तेवढं कारण मला पुरलं. कॉलनीत एक चक्कर मारून आल्यावर तो म्हणाला, "पेडल जरासं नरम लागून राहिलं." मी त्याच्याकडूनच कधीतरी ऐकलेलं त्याला ऐकवलं, "पॅड नवे आहेत, बसतील." त्यानं मान डोलावली... माझ्यावर विश्वास होता त्याचा.

गाडीचा चुरा झाला. ब्रेकनंच दगा दिला का, हे आता कुणालाच कळणार नाही. तेरवीला मात्र जो तो म्हणत होता, वेगाची हौस नडली. त्याचे बाबाही म्हणाले, "माजला होता पोट्टा." मी ऐकून घेतलं, जेवलो आणि घरी आलो.

परवा त्याच्या बायकोला, वर्षाला, सगळं सांगितलं. ती किती तरी वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मले सांगून काय होते, भाऊजी? मामाजीले सांगा. ते रोज आपल्या गेलेल्या पोराले शिव्या देऊन राहिले." तिच्या सासऱ्यांसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. पण पेपरची ही पुरवणी ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून इथे लिहितो. बाबा, तुमचा नरेश माजलेला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं. मी खोटं बोललो.

हल्ली सिग्नलला गाडी थांबली की ब्रेकवरचा पाय मला उचलवत नाही. हिरवा दिवा लागतो, मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात. मी पेडल दाबून बसून राहतो, चाकाजवळून तो "सोड" म्हणेपर्यंत...