उभ्याची गाठ

मोटारीखाली शिरण्याआधी ठोकळेवाले मिस्त्री प्रत्येक लाकडी ठोकळ्यावर तळहाताची थाप मारायचे आणि म्हणायचे, "धर बाप्पा." चार ठोकळे, चार थापा, चारदा धर बाप्पा. देवाला कधी हात न जोडणारा हा माणूस ठोकळ्यांना मात्र रोज विनवायचा. मी एकदा थट्टेनं म्हटलं, "मिस्त्री, जॅक लावलाय ना भक्कम? मग या लाकडांची कसली पूजा?" नाडी न बघताच मी कुणाला औषध लिहून दिलं असावं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, जॅक उचलते. धरत नाई. उचलनं येगळं अन् धरनं येगळं."

अमरावतीत तेव्हा माझा बाळंतपणाचा दवाखाना होता आणि माझी स्वतःची मोटार होती. बाई मोटार हाकते हे बघायला लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. बघेनात का! मला नांदगाव खंडेश्वरपासून पलीकडच्या खेड्यांपर्यंत अडलेल्या बायका गाठायच्या होत्या. रस्ते असे, की जाताना चार चाकांवर जावं आणि येताना काहीतरी तुटलेलं घेऊन यावं. बोलावणं कधी येईल याचा नेम नसल्यामुळे मोटार बाजारातल्या गॅरेजात टाकून चालत नसे. मिस्त्री घरी यायचे. मी मुळात घाईची बाई. "आटपा", "लवकर करा", हे शब्द माझ्या तोंडी इतके बसलेले, की बाळंतिणींनासुद्धा मी तेच सांगत असे.

मिस्त्री सहा फूट उंच होते. लढाईच्या काळात बर्माकडे लष्कराच्या वर्कशॉपात हात काळे करून आलेले. ठोकळे त्यांनी मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेलाइनीच्या मोडीत निघालेल्या लाकडी स्लीपरांतून स्वतः कापले होते. गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या मागे बांधून ते गावभर हिंडायचे, म्हणून हे नाव. आले की दारातून खणखणीत "जय भीम, बाई" म्हणायचे. पहिले काही महिने मी नुसतं "हां, हां, या" करून वेळ मारून नेली. ते दर वेळी तितक्याच मोठ्यानं म्हणत राहिले. एके दिवशी माझ्या तोंडूनही "जय भीम" निघालं. ते हत्यारांची पिशवी उघडून कामाला लागले.

माझ्या आईचं तसं नव्हतं. ती त्यांना कान तुटलेल्या कपात चहा पाठवायची आणि ते दर वेळी "पिऊनच आलो" म्हणून परत करायचे. एकदाही त्या कपाला त्यांनी हात लावला नाही. मला लाज वाटायची, पण आईशी भांडायला मला वेळ नव्हता. हे माझं नेहमीचंच. वेळ नव्हता म्हटलं की सगळं झाकलं जातं.

आमचं गॅरेज म्हणजे मुळात वडिलांचा गोठा. छत अवघं साडेसात फूट, आणि त्या छतावर आईची खोली. मिस्त्री आत शिरले की आपोआप मान खाली घालायचे, खरं तर डोकं टेकत नसे. मग चटई टाकून मोटारीखाली आडवे व्हायचे. तिथूनच एकदा ते बोलले, मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. "माहा बाप पाटलाच्या दारात वाकून जोहार घालत मेला, बाई. मी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, मान वर केली. अन् काम काय करून राहिलो? लोकाइच्या मोटारीखाली लोळून राहिलो. बर्मात एक लिफ्ट होती. मोटार वर जाये, मानूस खाली ताठ उभा राहून काम करे. पन उभा गोरा राहे. आमी पाने देत होतो. एकदा तरी उभ्यानं काम करा वाटते."

ते मला लागलं. मी म्हटलं, "एवढंच ना? आपण घालू लिफ्ट." मुंबईच्या एका दुकानाचं चित्रांचं पुस्तक टपालानं मागवलं. त्यात एका जाड खांबावर मोटार पार वर गेलेली. मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि खदखदून हसले. "बाई, याच्यात मोटारीच्या वरते छप्पर दिसते काय? आभाय दिसते! आपल्या घरी तं वरते माय हायेत."

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. तिला तीन गाठी होत्या. जमिनीपासून पहिली गाठ झोपल्याची, दुसरी बसल्याची, तिसरी उभ्याची. मोटार तेवढी उचलली तर तिचं टप कुठवर जाईल, त्याच्या त्या खुणा. पहिल्या दोन गाठी त्यांनी भिंतीला लावून दाखवल्या. तिसरी मात्र आत मावेना. ती दाखवायला ते मला अंगणात घेऊन गेले आणि लिंबाच्या खोडाला शिडी लावून, वर चढून, सुतळी जमिनीपर्यंत सोडून उभे राहिले. जवळजवळ बारा फूट. मी छताकडे पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे. म्हटलं, "आई आहे तोवर ते छत हलणार नाही, मिस्त्री." त्यांनी पटकन कान धरले. "असं बोलू नोका, बाई. त्याइच्या खोलीची जमीन हालवून मले उभं नाई राहाचं."

"मग खड्डा खणू," मी म्हटलं. "खड्ड्यात उभं राहून करतात की काम." खड्ड्याला छत आड येत नाही, तेव्हा मला वाटलं, सुटला प्रश्न. मिस्त्री म्हणाले, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, भिंती आत ढकलते. मी म्हटलं, दगडी बांधून घेऊ. तेव्हा ते खरं काय ते बोलले. "खड्ड्यात उभं राहनं म्हंजे उभं राहनं नोय, बाई. तिथून डोळ्यासमोर लोकाइचे जोडेच येते." खड्ड्याचा विषय मी तिथेच सोडला.

शेवटी त्यांनीच तोड काढली. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्याच्या भंगारात जुन्या प्रेसचे चार स्क्रू पडले होते, कापसाच्या गाठी दाबायचे. त्यांचे चार खांब करायचे आणि हातानं फिरवून मोटार दोन फूट वर न्यायची. साडेसात फुटांत तेवढंच बसत होतं. म्हणजे झोपून नव्हे, निदान बसून काम करता येईल. तेही मान थोडी कलती ठेवून. "बसल्याची गाठ तं गाठली," ते म्हणाले. स्क्रू पाहून आले तेव्हा त्यांचा चेहरा कसा फुलला होता! "जनम गेला त्याइचा दाबन्यात. आता जराक उचलू द्या." ते स्क्रू अकोल्यालाच लेथवर चढवायचे ठरले. पंधरा दिवस म्हणता म्हणता पावसाळा लागला.

त्या पावसाळ्यात आईचं हृदय थकलं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. खाटेची उशाकडची बाजू उंच करायची म्हणून मी पायांखाली विटा लावल्या. खाली गॅरेजात काम करताना मिस्त्रींना छतातून खोकला ऐकू येई. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन ठोकळे घेऊन ते जिना चढून वर आले. पहिल्यांदाच. विटा काढल्या, ठोकळे लावले, दोन्हींवर थाप मारली. "धर बाप्पा." मला म्हणाले, "विटेचा भरोसा नाई, बाई. बसल्या बसल्या भुगा होते." आई त्यांच्याकडे बघत होती. मग क्षीण आवाजात म्हणाली, "मिस्त्री, चहा घेता ना?" चहा घरातल्या चांगल्या कपात आला. त्यांनी तो सावकाश, उभ्यानं प्यायला. काढलेल्या विटा त्यांनी खाली नेऊन गॅरेजच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या.

दोन ठोकळे कमी झाले. "मूर्तिजापूरले जाऊन नवे कापून आनतो," ते म्हणायचे. पाऊस थांबत नव्हता आणि माझी मोटार रोज काही ना काही मोडून येत होती, त्यांना जायला मी सवड कुठे दिली?

त्या दिवशी दुपारी मोटारीची पुढची चाकं काढलेली होती. पुढचं अंग उरलेल्या दोन ठोकळ्यांवर, आणि मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा तुटलेला, तोही बदलायचा होता. एवढ्यात नांदगाव खंडेश्वरहून माणूस आला. त्याची सून कालपासून अडली होती. मी बॅग घेऊन गॅरेजात आले. मिस्त्रींनी मागून जॅकनं मोटार उचलली होती आणि ते नुसते उभे होते. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाई, मागं लावाले ठोकळे नाईत. वरचे दोन अर्धा घंटा..."

आईला उठवायचं, खुर्चीत बसवायचं, खाट उचलायची. मी मनात हिशेब केला, वेळेचा. आणि म्हणाले, "विटा आहेत ना त्या? त्या लावा. लवकर करा, मिस्त्री."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

त्यांनी विटा रचल्या, जॅक काढून दुसऱ्या बाजूला घेतला. विटांवर थाप मारली नाही. धर बाप्पाही म्हणाले नाहीत. मी ते पाहिलं होतं आणि तरी घड्याळ बघत राहिले. ते खाली सरकले. पाना लावून त्यांनी जोर दिला असेल, आणि विटांचा आवाज आला, कोरडी भाकरी मोडावी तेवढाच. मग मोटार बसली.

नांदगावच्या माणसानं आणि मी लाकडी बल्ली घालून ती उचलेपर्यंत सगळं संपलं होतं. मी डॉक्टर, बघताक्षणी कळलं होतं मला, तरी त्यांच्या मनगटावर नाडी शोधत बसले. वरून आईनं विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही."

ती सून? माणूस परत पोचायच्या आत गावच्या सुईणीनं तिला मोकळी केली होती. मायलेकरं सुखरूप. बरंच झालं ते, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की घाई कशाची होती? आग लागो माझ्या घाईला.

आईला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं हट्टच धरला, "माझ्या खालचे ते ठोकळे काढ. परत दे त्याच्या घरी." काढले तर तिचा श्वास कोंडणार, तरी ऐकेना. मिस्त्रींची बायको गयाबाई हत्यारं न्यायला आली तेव्हा मी तिला वर नेलं. माफी मागायची राहूनच गेली. विटा कुणी लावायला सांगितल्या ते मात्र सांगितलं. ती मला बरंवाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. खाटेखाली वाकून तिनं ठोकळ्यांकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "राहू द्या, माय. धरलेलं अर्ध्यात सोडू नोये, असं ते म्हनत." आई त्या ठोकळ्यांवर आणखी चार महिने जगली.

आई गेल्यावर मी ती खोली उतरवली. गवंड्यानं विचारलं, छत किती वर घ्यायचं? खांबांच्या मापासाठी मिस्त्रींनी माझ्याकडे ठेवलेली सुतळी मी त्याला दिली. तिसऱ्या गाठीपर्यंत. अकोल्याचे स्क्रू आणवले, खांब तेवढे उंच करून घेतले. सगळं व्हायला वर्ष लागलं. काय उपयोग, असं लोक म्हणाले. मीही म्हणत होते.

नवा मिस्त्री आला. तरणा, चटपटीत. चारही स्क्रू फिरवून मोटार वर नेली आणि खाली ताठ उभा राहून, शीळ घालत तो कामाला हात घालणार, तेवढ्यात मी चार ठोकळे पुढे केले. गयाबाईनं पाठवले होते दोन, आईच्या खाटेखालचे दोन. उंची भरायला सागाचे चार खुंटही करून ठेवले होते. तो हसला. "हे कायले, बाई? लिफ्ट हाय ना!"

"लिफ्ट उचलते," मी म्हटलं. "धरत नाही. लावा."

बाहेर बडनेऱ्याकडून आलेला माणूस बोलावणं घेऊन उभा होता, घाईघाईनं हात चोळत होता. त्याला मी बसायला सांगितलं. मीही स्टूल ओढून बसले. नव्या मिस्त्रीनं एकेक खुंट, एकेक ठोकळा बसवला. चौथा बसल्यावर मी उठले, चारही ठोकळ्यांवर थाप मारली, आणि मगच त्याला खाली उभं राहू दिलं.