स्वयंपाकघरात बसवलेली आई

नगरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्या इंग्रजीचा मला फार तोरा होता. निवृत्त झाल्यावर तो मिरवायला जागा उरली नाही. म्हणून पाथर्डीकडच्या एका मिशन बोर्डिंगात आठवड्यातून तीन दिवस मुलींना शिकवायला जाऊ लागले. पगार घ्यायचा नाही, सेवा करायची. सेवा हा शब्द तेव्हा माझ्या तोंडी फार सहज यायचा.

बोर्डिंगात चाळीसेक मुली होत्या. त्यातल्या आठ-दहा खरोखर अनाथ. बाकीच्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक गावात यायचा, त्यात कोयते, भांडी आणि माणसं चढायची आणि मुलगी आमच्याकडे यायची, ती उन्हाळा लागेपर्यंत. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. परदेशातल्या एका चर्चच्या मंडळींना मात्र समजावून सांगावं लागलं असतं. त्यांना अनाथ मुलांमध्ये दोन आठवडे राहून सेवा करायची होती आणि त्यांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं. बोर्डिंग चालवणाऱ्या पाळकसाहेबांना मी विचारलं, सगळं सविस्तर लिहू का? ते म्हणाले, "बाई, थोडक्यात लिहा." मी थोडक्यात लिहिलं, आमच्या सगळ्या मुली अनाथ आहेत. थोडक्यात लिहा म्हणजे खोटं लिहा असं ते म्हणाले नव्हते. ते माझं मीच केलं.

नाताळ उरकल्यावर ते नऊजण आले. चांगली माणसं होती, उगाच कशाला नावं ठेवू? भिंती रंगवल्या, मुलींना गाणी शिकवली, तिखट खाऊन डोळे पुसत हसली. मी दिवसभर दुभाष्याचं काम करत मधोमध मिरवत होते. ते यायच्या आदल्या दिवशीच मी मुलींना प्रार्थनेच्या खोलीत बसवून बजावलं होतं, पाहुण्यांसमोर घरचा विषय काढायचा नाही. त्यांच्यात पांढऱ्या केसांची एक नर्सबाई होती. तिला चौथीतल्या एका मुलीचा फार लळा लागला. मुलगी मुलखाची अबोल, पण नर्सबाईचा हात धरून हिंडायची.

चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी वॉचमनने मला फाटकाशी बोलावलं. त्या मुलीची आई आली होती. प्रवरेकडच्या फडावरून पहाटे निघून दोन एसट्या बदलून आलेली. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडलेले, पायात रबरी चपला.

"सलाम बाई," ती म्हणाली. बोर्डिंगात येऊन येऊन आम्हा ख्रिस्ती लोकांचा सलाम तिनेही उचलला होता. "मुकादमाकडनं एक दिसाची सुट्टी घेतलीय. पोरीचं डोकं धुते, येनी घालते आन् पाचच्या गाडीनं जाते." तिच्या पिशवीत शिकेकाई, तेलाची बाटली आणि लाकडी फणी होती. तेवढ्यासाठी ती आली होती.

मी तिला मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला आणि काय ते सांगितलं.

"म्हंजे मी मेले आसं सांगितलंय व्हय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं.

"दहा दिवसांचाच प्रश्न आहे हो. मुलींच्याच भल्यासाठी आहे सगळं."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लांबनं बघितली तर चालंल?"

चालेल, असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर परवानगी देताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हरांडा दिसायचा. तिथे पायरीवर नर्सबाई मुलीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती. बिचारीचे डोळे भरलेले. या पोरीचे केस विंचरायला जगात कुणी नाही, असं ती सकाळीच मला म्हणाली होती. आई खिडकीशी उभी राहिली.

"भांग वाकडा पाडलाय," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "तेल न लावता इंचरलं की तिला दुखतं. पर ती सांगायची न्हाई."

व्हरांडा तिथून वीस पावलं असेल. जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? नर्सबाई रडली असती, मग हसली असती, आणि मी खोटी पडले असते. मला नेमकं तेच नको होतं. मी जागची हलले नाही.

जेवणाच्या वेळी स्वयंपाकीण बाईने आमटीचं पातेलं आणि डाव आईच्या हाती दिला. तेवढंच तिला जवळून बघता येईल, असं त्या बाईला वाटलं असावं. रांगेतून मुलगी ताट घेऊन पुढे आली. आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आईने तिच्या ताटात एकाऐवजी दोन डाव आमटी वाढली. मागेच उभ्या असलेल्या नर्सबाईच्या ते लक्षात आलं. या कोण, तुझ्या ओळखीच्या आहेत का, असं तिने हसत विचारलं आणि मी मराठीत सांगितलं.

"सैपाकाच्या मावशी हायेत," मुलगी म्हणाली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी फक्त गप्प राहायला सांगितलं होतं, पुढचं तिने स्वतःच्या डोक्याने केलं. मी ते इंग्रजीत सांगितलं. नर्सबाईने आईला हात जोडले आणि काहीतरी म्हणाली. तेही मी मराठीत सांगितलं, अगदी नीट, एकही शब्द न गाळता. "त्या म्हणतात, तुम्ही या मुलींवर पोटच्या लेकरांसारखी माया करता. त्याबद्दल आभार."

"व्हय," आई म्हणाली आणि पुढच्या ताटात आमटी वाढली.

पाचच्या गाडीने ती गेली. तेल आणि फणी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून गेली होती.

पाहुणे गेल्यावर मी पाळकसाहेबांपाशी सगळं बोलले. ते म्हणाले, हेतू चांगला होता. हे वाक्य हल्ली मला ऐकवत नाही. हेतूबितू काही नव्हता, माझी मान खाली जायला नको होती एवढंच. नर्सबाईला खरं काय ते कळवणारं पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर टाकलं.

पुढच्या वर्षी पाहुणे नव्हते. जानेवारीतल्या एका दुपारी मी व्हरांड्यात वह्या तपासत होते, तेवढ्यात फाटकातून त्या मुलीची आई येताना दिसली. माझ्याकडे यायच्या ऐवजी भिंतीच्या कडेने मागच्या दाराकडे वळली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती जमिनीवर फतकल मारून पिशवी सोडत होती.

"आज कुणी नाही," मी म्हणाले. "समोर उन्हात बसा ना. केस वाळतील तिचे."

"असू द्या बाई. हितंच बरं हाय."

वर्गातून मुलगी धावत आली. दारात मला पाहिलं आणि तिथेच थांबली.

"मावशी, कवा आला?" तिने आईला विचारलं.

तसं म्हणायची आता गरज नाही, माझं चुकलं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी कधी जाते याची वाट बघत. मी बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.

दार लागलं तेव्हा आतून हाक ऐकू आली, "आये."